गुलाब रानटी होतो का?

प्रश्न : आमच्या परसात रोपवाटिकेतून आणलेला लाल कलमी गुलाब होता. काही वर्षं भरभरून फुलला आणि गेल्या पावसाळ्यानंतर वाळत गेला. उपटून टाकायच्या आधीच त्याच्या बुडातून लांबलचक हिरवे फोक आले, ते गडग्यावर चढले आणि यंदा फाल्गुनात त्यांना पाच पाकळ्यांच्या बारीक पांढऱ्या फुलांचे दोन-तीन घोस लागले. सासूबाई म्हणतात, निगा राखली नाही म्हणून गुलाब रानटी झाला. शेजारचे काका म्हणतात, हा रानगुलाबच. देवरुखकडच्या रानात त्यांनी असाच काटेरी वेल पाहिला आहे, त्याची पांढरी फुलं नंतर गुलाबी होतात. गुलाब खरंच रानटी होतो का? आपल्या कोकणात रानगुलाब असतो का? नसेल तर तो असतो तरी कुठे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आधी सासूबाईंचं म्हणणं बघू, कारण ते पुष्कळ घरांत ऐकायला मिळतं. दुर्लक्ष झालं तर झाड खुरटतं, रोग धरतं, मरतं. पण एका जातीचं झाड दुसऱ्या जातीचं होत नाही. तुमचा लाल गुलाब मेला, एवढंच झालं. आता गडग्यावर चढलेलं झाड वेगळंच आहे, आणि तेही पहिल्या दिवसापासून तुमच्या परसातच होतं. फक्त ते सांध्याच्या खाली होतं, म्हणून दिसलं नाही.

रत्नागिरीच्या माणसाला हे सांगायला फार लांब जावं लागत नाही. हापूसचं कलम म्हणजे खाली रायवळ आणि वर हापूस. कोय रुजवायची रायवळची आणि तिच्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधायची. पुढे वरची काडी मेली आणि सांध्याखालून फुटवा आला, तर त्याला रायवळच आंबे लागतात. हापूस बिघडून रायवळ झाला, असं कुठलाही बागायतदार म्हणणार नाही. गुलाबाचंही हेच आहे. फक्त गुलाबात काडीऐवजी डोळा भरतात. खुंटाच्या सालीला ‘टी’च्या आकाराची चीर द्यायची, सालीखाली हव्या त्या गुलाबाचा एकच डोळा सरकवायचा आणि पट्टीनं घट्ट बांधायचा. डोळा फुटला की खुंटाचा वरचा भाग छाटून टाकायचा. म्हणजे आपण विकत आणतो त्या रोपाची मुळं आणि बुडखा एका गुलाबाचा, फांद्या आणि फुलं दुसऱ्याची.

एवढा खटाटोप करायचं कारण असं, की मोठ्या, देखण्या फुलांसाठी तयार केलेले गुलाब स्वतःच्या मुळांवर बहुधा नाजूक असतात. खुंटासाठी मात्र साध्या काडीपासून रुजणारा, भराभर वाढणारा, कमीजास्त पाणी सोसणारा गुलाब घेतात. उत्तरेकडच्या मैदानी मुलखात त्यासाठी ओडोराटा नावाच्या चिनी गुलाबाचा वापर फार. दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे मल्टिफ्लोराचा खुंट पुष्कळ चालतो. पुण्याकडच्या पॉलिहाउसवाल्यांचा भर ‘नटाल ब्रायर’वर असतो. कोकणच्या पावसात पानांवर काळे ठिपके पडून ती गळतात, फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली वाळत येतात, आणि तीन-चार पावसाळ्यांत वरचा गुलाब हरतो. खालचा काटक खुंट तेवढ्यानं मरत नाही. वरचा वाटेकरी गेल्यावर मुळांकडचं सगळं अन्नपाणी खुंटाच्या स्वतःच्या डोळ्यांना मिळतं, म्हणून तर ते फोक इतक्या जोमानं वाढले.

तुमचा खुंट कोणता, हे तुम्हाला घरीच तपासता येईल. एक पान देठासकट खुडा. सात किंवा नऊ पर्णिका असलेलं ते संयुक्त पान असेल. आता पर्णिका सोडून द्या आणि देठ जिथे फांदीला चिकटतो तिथे पाहा. तिथे देठाच्या दोन्ही अंगांना हिरव्या पातळ पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटलेल्या, झालरीच्या दिसल्या, तर तो मल्टिफ्लोरा. ही झालर हीच त्याची पक्की खूण, आणि ती ओळखायला फूल असावंच लागतं असं नाही. घोसानं येणाऱ्या बारीक पांढऱ्या फुलांच्या तुमच्या वर्णनावरून मला तोच वाटतो.

आणि इथे सासूबाईंचं निम्मं म्हणणं खरं ठरतं. गुलाब रानटी झाला नाही, पण परसात आहे तो रानगुलाबच. रोझा मल्टिफ्लोरा ही अस्सल रानटी जात आहे. जपान, कोरिया आणि पूर्व चीन हे तिचं माहेर. तिथे ती ओढ्याकाठी, रानाच्या कडेला, डोंगरउतारावर आपसूक वाढते. अमेरिकेत १९३०च्या दशकापासून सरकारी मृदसंधारण खात्यानं शेतकऱ्यांना ती कुंपणासाठी आणि जमिनीची धूप थांबावी म्हणून लावायला लावली. पाखरांनी तिची फळं खाऊन बिया गावभर पसरवल्या, कुरणं काटेरी जाळ्यांनी भरली, आणि आज तिथल्या कित्येक राज्यांत तिची गणना उपद्रवी तणात होते. तुमच्या गडग्यावरून ती रत्नागिरीभर पसरेल का, ही भीती मात्र नको. त्याचं कारण पुढे येईल.

आता काकांच्या वेलाकडे वळू. त्यांनी पाहिलेलं खोटं नाही, पण तो गुलाब नव्हे. काटेरी वेल, उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलणारी पांढरी फुलं, आणि ती पुढे गुलाबी-जांभळट होणं, या तिन्ही खुणा वाघाटीच्या आहेत. आषाढी एकादशीचा उपास दुसऱ्या दिवशी ज्या फळाच्या भाजीनं सोडतात, तीच ही वाघाटी, म्हणजे गोविंदफळ. लांबून फसायला होतं खरं, कारण फुलाच्या मधोमध केसरांचा मोठा झुपका असतो आणि रानगुलाबातही तसा असतो. जवळ जाऊन पाहिलं की घोटाळा मिटतो. वाघाटीचं पान साधं, एकसंध, गुलाबाचं संयुक्त. वाघाटीला पाकळ्या चार, रानगुलाबाला पाच. वाघाटीच्या फुलात केसरांच्या मधून एक लांब दांडी बाहेर आलेली असते आणि तिच्या टोकाला इवलासा हिरवा मणी असतो. तो मणी म्हणजेच पुढचं फळ. गुलाबात असं काही नसतं. त्याचं फळ पाकळ्यांच्या खाली, देठाच्या फुगीर कुपीत तयार होतं.

कोकणच्या रानात काटे आणि पांढरी फुलं एकत्र असणारी झाडं आणखीही आहेत. करवंदाची जाळी तर पोरंसुद्धा ओळखतात. गेळ्याची पांढरी फुलं सुकताना पिवळी पडतात. कुसरीला काटे नाहीत, पण तिच्या वासानं लोक तिला रानमोगरा म्हणतात आणि कधीकधी थेट गुलाबाशी नेऊन जोडतात. यातलं कोणीही गुलाबाच्या कुळातलं नाही. गुलाबासारखा वास येणारं आपलं जाम हे फळही नाही; ते जांभळाच्या नात्यातलं.

काट्यावरूनही ओळख पटते. करवंदाचा किंवा लिंबाचा काटा म्हणजे रूप बदललेली फांदीच. तो आतल्या लाकडातून आलेला असतो, मोडायला गेलात तर फांदी सोलून निघते. गुलाबाचा काटा सालीच्या वरच्या थरातून उगवतो. अंगठ्यानं बाजूला रेटा, तो टचकन निघतो आणि खाली गुळगुळीत, लंबगोल वण राहतो. हा प्रयोग परसातल्या गुलाबावर एकदा केलात की काटेरी झुडूप दिसलं की ते गुलाब नाही, हे पुष्कळदा क्षणात सांगता येतं.

म्हणजे कोकणात रानगुलाब नाहीच का? नाही. रत्नागिरीच्या सड्यांवर, देवरहाट्यांत, पऱ्यांच्या काठी किंवा घाटउतारावर गुलाबाची एकही जात आपसूक उगवत नाही. आता का नाही ते पाहू, कारण याचं सहज सुचणारं उत्तर चुकीचं आहे.

आधी गुलाब उगवतो कुठे, ते पाहू. जगात गुलाबाच्या रानटी जाती सुमारे दीडशे, असं सांगायची पद्धत आहे. काही शास्त्रज्ञ हा आकडा दोनशेच्या पुढे नेतात. गुलाब आपसांत सहज संकर करतात, त्यामुळे एक जात कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली यावर एकमत होत नाही. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे : या सगळ्या जाती उत्तर गोलार्धातल्या. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत किंवा ब्राझीलमध्ये, माणसानं नेण्याआधी एकही गुलाब नव्हता. उत्तरेला मात्र रोझा अ‍ॅसिक्युलॅरिस ही गुलाबी फुलांची जात सैबेरिया-अलास्कात थेट आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे जाते. सर्वांत दाट वस्ती चीनमध्ये. तिथे नव्वदांवर जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

हे ऐकलं की वाटतं, गुलाब थंड मुलखाचा, कोकण उष्ण, म्हणून इथे तो नाही; विषय संपला. पण नकाशा काढून बसलं की हा हिशेब चुकतो. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तमिळनाडूतले पळणीचे डोंगर आणि कोडाईकनाल १० अंशांवर, म्हणजे आपल्यापेक्षा विषुववृत्ताच्या कितीतरी जवळ. तरी तिथे आणि निलगिरीत रोझा लेशेनॉल्टियाना नावाचा पांढऱ्या, सुवासिक फुलांचा रानगुलाब आहे, आणि तो अस्सल सह्याद्रीतला. लेशेनॉ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याचं नाव पडलं. तिकडे आफ्रिकेत इथिओपियातही रोझा अबिसिनिका ही जात त्याच सुमाराच्या अक्षांशांवर वाढते; सहाराच्या दक्षिणेला रानटी म्हणावा असा तो एकच गुलाब. म्हणजे केवळ दक्षिणेला असणं गुलाबाला अडवत नाही.

अडवते ती उंची. निलगिरी-पळणीतला गुलाब दोन हजार मीटरांच्या आसपासच्या शोला रानांच्या कडेला असतो, इथिओपियातलाही डोंगरमाथ्याचा. दक्षिणेत त्याला हवा तो गारवा डोंगरच पुरवतात. आपल्याकडे महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. रत्नागिरी शहर तर समुद्राला टेकलेलं. खेडहून घाट चढून महाबळेश्वरला गेलात तर सुमारे १,४०० मीटरांवर गुलाबाचे नातेवाईक भेटू लागतात. तिथल्या रानातली गौरीफळं, काटेरी झुडपांवर पिकणारी ती दाणेदार फळं, गुलाबाच्याच कुळातली. त्यांचं फूल पाहा. पाच पाकळ्या, मध्ये केसरांचा झुपका, अगदी छोटा रानगुलाब वाटावा असं. सफरचंद, नासपती, बदाम आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीही याच कुळातली. पण कुळ आलं म्हणजे गुलाब आला असं होत नाही.

आता या उत्तरालाही एक अडचण आहे, आणि मला या विषयातली तीच सगळ्यांत आवडती गोष्ट वाटते. भारतात एक रानगुलाब असा आहे, की जो डोंगरावर नाही, थंडीत नाही, तर तापलेल्या मैदानात चिखलपाण्यात उभा राहतो. त्याचं नाव रोझा क्लायनोफायला. बंगाल, बिहार, बांगलादेश आणि म्यानमारमधल्या दलदली, नद्यांचे काठ आणि पाणथळ जागा हे त्याचं घर. बांगलादेशाच्या ईशान्येला हाओर म्हणतात तशी विस्तीर्ण तळी आहेत. पावसाळ्यात ती समुद्रासारखी भरतात आणि हा गुलाब महिनोन्‌महिने पाण्याखाली बुडून राहतो. पाणी उतरलं की तो पालवतो आणि पांढऱ्या फुलांनी भरून जातो. ‘गुलाबाच्या बुडाशी पाणी साठू देऊ नका’ हे आपण प्रत्येक माळ्याकडून ऐकलेलं असतं. बागेतल्या गुलाबांसाठी ते अगदी बरोबर आहे. या एका जातीनं मात्र नेमकी पाण्यातच वस्ती केली आहे. एरवी मैदानातला हा गुलाब अपवाद म्हणून राजस्थानात माउंट अबूवरही सापडतो. आपल्या बाजूचा हाच त्यातल्या त्यात जवळचा ठिकाणा.

मग उकाडा चालतो, धो-धो पाऊस चालतो, तर हा गुलाब कोकणात का नाही? माझ्या मते कारण पावसात नसून पावसानंतरच्या महिन्यांत आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र, नद्या आखूड. पाणी आलं तसं समुद्राला मिळतं. शिमग्यापर्यंत सडे वाळून करडे पडतात आणि वैशाखात विहिरींचा तळ दिसतो. बंगालच्या पाणथळीत पूर ओसरल्यावरही जमीन ओली राहते, आपल्याकडे ती खडखडीत होते. या गुलाबाला सोसतो तो पूर. आठ महिन्यांची कोरड हा वेगळाच प्रश्न आहे. शिवाय बंगालच्या मैदानापासून कोकणापर्यंत मध्ये सगळं कोरडं पठार पसरलेलं. पाणथळीचं झाड ते ओलांडून इथवर आपलं आपण येणं कठीणच.

बाकीच्या जातींची अडचण बियांत आहे. बहुतेक रानगुलाबांचं बी पडलं की लगेच रुजत नाही. त्याला काही आठवडे ओलसर गारठा लागतो, चार-पाच अंशांच्या आसपासचा. हिवाळा खरंच येऊन गेला, याची बियाला पटलेली ती खात्री. त्याशिवाय ते झोपूनच राहतं. थंड मुलखात याचा उपयोग उघड आहे, कारण शरदात रुजलेलं कोवळं रोप पुढच्या बर्फात मरेल. पण रत्नागिरीत पौषातल्या पहाटेही पारा सहसा १५ अंशांच्या खाली जात नाही. फळ पडलं, पाखरानं नेलं, तरी बियाची झोप काही मोडत नाही. अमेरिकेत तण झालेला मल्टिफ्लोरा तुमच्या गडग्याच्या पलीकडे जाणार नाही, असं मी म्हटलं ते याच आधारावर. फुलांचे घोस दोन-तीनच आले त्यालाही मला हेच कारण दिसतं. गारठ्यातून गेलेला मल्टिफ्लोरा फुलांनी पांढरा होऊन जातो. आपल्याकडे त्याला मिळते ती नुसती वाऱ्याची झुळूक.

भारतातले रानगुलाब पाहायचे असतील तर मराठी माणसाला त्यांची गाठ बहुधा यात्रेच्या वाटेवर पडते. वैशाख-ज्येष्ठात चारधामला जाणाऱ्यांनी गढवालच्या रस्त्यांच्या कडेला झाडांवर चढलेले, पांढऱ्या घोसांनी लवलेले प्रचंड वेल पाहिले असतील. गाडीच्या खिडकीतून वास आत येतो. तो रोझा ब्रुनोनी, तिकडच्या लोकांचा कुंजा किंवा कुजा. आणखी वर गेलं की रोझा सेरिशिया लागतो, ज्याच्या फुलाला बहुधा चारच पाकळ्या असतात. गुलाबाच्या घराण्यात पाचाचा नियम मोडणारा हा विरळा गडी. लडाखला जूनच्या सुमाराला गेलात तर बर्फाळ वाळवंटात पाण्याच्या पाटांकडेनं गुलाबी फुलांची काटेरी झुडपं दिसतात. तो रोझा वेबियाना, लडाखींचा सिया. आणि ईशान्येला मणिपूरच्या डोंगरांत रोझा जायगँटिया आहे. त्याचं एकेक फूल तळहाताएवढं, फिकट पिवळसर पांढरं, आणि वेल मोठ्या झाडांच्या शेंड्यापर्यंत चढणारा. जॉर्ज वॅट या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो १८८२ साली मणिपुरात आढळला. पुढे बागेतल्या गुलाबांना लांबट, टोकदार कळी मिळाली त्यात या जातीच्या रक्ताचा मोठा वाटा आहे.

यावरून आणखी एक गैरसमज दूर करता येईल. गुलाब मुघलांनी भारतात आणला, असं सरसकट म्हटलं जातं. हिमालयातले, बंगालचे, निलगिरीचे गुलाब इथेच होते, कोणी आणायची त्यांनी वाट पाहिली नाही. मुघलांच्या काळात बागेतल्या सुगंधी गुलाबाची शेती आणि अत्तर यांना राजाश्रय मिळाला, हे खरं. गुलाबाच्या अत्तराचं श्रेय जहांगीर बादशहानं आपल्या आत्मचरित्रात नूरजहानच्या आईला दिलं आहे. दुसरीकडे ‘रोझा इंडिका’ हे नाव पाहून तो भारताचा रानगुलाब असणार असंही काही जण समजतात. लिनियसनं १७५३ साली हे नाव दिलं ते चीनहून आलेल्या नमुन्याला.

आता तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचं पत्र ज्यावर येईल ते आधीच सांगतो. आपल्याकडचा गावठी गुलाब, पानांपेक्षा वासानं आधी सापडणारा, गुलकंदाचा, तो तरी रानटी आहे का? तोही नाही. गावठी म्हणजे गावात रुळलेला, रानातला नव्हे. या गुलाबांत दोन घराणी मिसळलेली आहेत. एक दमिश्की, म्हणजे कनौज आणि पुष्करचा अत्तराचा गुलाब. २००० साली जपानी संशोधकांनी त्याची जनुकं तपासली, तेव्हा त्यात तीन रानटी जातींचं रक्त निघालं, आणि त्यांतली एक थेट मध्य आशियातली. दुसरं घराणं एडवर्ड गुलाबाचं. हा हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटाशी जोडलेला. तिथे शेतांच्या कुंपणाला चिनी आणि दमिश्की गुलाब शेजारी शेजारी लावत. त्यांचा आपसूक संकर झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो फ्रान्सला पोचून ‘बुर्बाँ’ गुलाब म्हणून गाजला.

गावठी गुलाबाचं फूल एकदा सावकाश सोडवून पाहा. बाहेरच्या पाकळ्या मोठ्या, आत येताना लहान होत जातात, आणि अगदी मध्याजवळ काही अशा निघतात की त्यांची एक कड पाकळीची आणि दुसऱ्या कडेला पिवळा परागकोश चिकटलेला. केसराची पाकळी होता होता राहिलेली असते ती. बागेतल्या गुलाबाला पन्नास-साठ पाकळ्या आल्या त्या अशाच. रानात पाच पाकळ्या आणि शंभरेक केसर होते. माणसानं शतकानुशतकं जास्त पाकळ्यांचीच रोपं निवडून लावली, तसतसे केसर पाकळ्यांत बदलत गेले. बाराही महिने फुलणं हीसुद्धा निवडीचीच कमाई. बहुतेक रानगुलाब वर्षातून एकदाच फुलतात, कारण एक जनुक त्यांना बाकीचा काळ नुसतं वाढायला लावतं. चिनी बागांत ते जनुक बिघडलेली रोपं माळ्यांनी जपली. अठराव्या शतकाच्या अखेरीला ती युरोपात गेली आणि आजचे बारमाही गुलाब त्यांतून आले.

गावठी गुलाब काडीनं आणि बुडाच्या फुटव्यानं वाढतो, बियानं क्वचितच. म्हणून तो लावला तिथेच राहतो. कोकणात कधी भर रानात गुलाब सापडलाच, तर त्याला रानगुलाब म्हणण्याआधी आजूबाजूचा पाला सारून पाहा. एखादं जोतं, बुजलेली विहीर, तुळशीवृंदावनाचे चार चिरे बहुधा मिळतील. घर बंद पडलं, माणसं मुंबईला गेली, गुलाब मागे राहिला.

बागेतले लोकही आता पुन्हा रानगुलाबाकडे वळत आहेत, आणि ते कोकणच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे. आजचे बहुतेक दुकानी गुलाब थंड हवेच्या युरोपात-अमेरिकेत तयार झाले, म्हणून आपल्या पावसात ते टिकत नाहीत. कोडाईकनालच्या विरू आणि गिरिजा वीरराघवन या दाम्पत्यानं उष्ण प्रदेशासाठी गुलाब घडवायचे म्हणून बंगालच्या पाणथळीतला क्लायनोफायला आणि मणिपूरचा जायगँटिया यांच्यापासून संकर तयार केले. मला हे काम फार मोलाचं वाटतं. ओल, दमट हवा आणि उकाडा सोसणारा रानगुलाब आपल्या देशात असताना आपण दरवर्षी मरणारी रोपं विकत आणतो, ही परिस्थिती बदलायला हवी.

राहता राहिला तुमच्या गडग्यावरचा मल्टिफ्लोरा. लाल गुलाबाचा वरचा भाग पूर्ण मेला असेल तर तो परत येणार नाही; फोक छाटून काही साधणार नाही. (वरचा गुलाब जिवंत असताना असे फोक आले, तर मात्र ते जमिनीलगत कापू नका. माती उकरून जिथून निघाले तिथून ओढून काढा, नाहीतर एकाचे चार होतात.) आता तुमच्याकडे मुरलेला, रत्नागिरीचे चार पावसाळे काढलेला खुंट तयार आहे. मार्गशीर्ष-पौषात, हवा गार आणि साल सहज सुटेल अशी झाली की पेन्सिलीएवढा जाड, ताजा फोक निवडा आणि त्यावर डोळा भरून घ्या. डोळा शेजारपाजारच्या अशा गुलाबाचा घ्या की जो इथल्या पावसात पानं न गाळता राहिला आहे. कलमं बांधणारा कोणीही माळी हे काम घटकाभरात करून देईल. एक फोक मात्र तसाच राहू द्या, म्हणजे पुढच्या फाल्गुनात पाच पाकळ्यांचा गुलाब काकांना जवळून पाहता येईल, आणि वाघाटीचं फूल शेजारी धरून दोन्ही ताडूनही बघता येतील.